चिखलाला हलकी गाडी पाहिजे, ट्रेलरला जड

आमच्या वस्तीपासून डांबरी रस्ता दोन किलोमीटर तीनशे मीटर आहे, मोटरसायकलच्या मीटरवर मोजलेलाय. मधे ओढा, ओढ्याच्या दोन्ही अंगांना तिरका उतार, आणि ओढा ओलांडला की अर्धा किलोमीटर निव्वळ काळी माती. भूम तालुक्यात ज्यांची वस्ती शेतात आहे त्यांना पाणंद रस्ता म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी एवढंच धरा की ती शेतातनं जाणारी कच्ची वाट असते आणि जुलैत त्याच्यावरून चप्पल घालून चालता येत नाही.

रोज सकाळी या रस्त्यानं चाळीस-चाळीस लिटरचे दहा कॅन जातात. आमच्या नऊ म्हशी, चौदा गाई, शिवाय चुलत्याचं आणि शेजारच्या दोन वस्त्यांचं दूध, सगळं मिळून ४०० लिटर. १४ किलोमीटरवर खव्याची भट्टी आहे, तिथं सहाच्या आत पोचलं पाहिजे. इतकी वर्षं हे काम ट्रॅक्टर करत होता आणि ट्रॅक्टरला चिखलाचं काही वाटत नाही हे खरंय, पण १४ किलोमीटरला तासभर लागतो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे चार वाजता उघड्या ट्रॅक्टरवर बसून जाणं काय असतं ते बसलेल्यालाच माहीत. मी परभणीला कृषी विद्यापीठात शिकलोय, तिथल्या हॉस्टेलची थंडी चार वर्षं काढलीय, त्यामुळं थंडीचं कौतुक मला कुणी सांगू नये. पण आबांना, म्हणजे वडलांना, मागच्या वर्षी छातीचा त्रास झाला आणि रात्री अकरा वाजता त्यांना बार्शीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. ओढ्याला पाणी होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून डांबरीपर्यंत नेलं आणि तिथून दुसऱ्याच्या गाडीत घातलं. आबा आता ठणठणीत आहेत, पण त्या रात्री ट्रॉलीत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो तेव्हाच ठरवलं की आता गाडी घ्यायची आणि चारही चाकं ओढणारी घ्यायची.

म्हणजे मागणी अशी होती. दुधाचा ट्रेलर ओढायचा, चिखलातनं निघायचं, हिवाळ्याच्या पहाटे बंद काचांत बसता आलं पाहिजे, आबांना दवाखान्यात नेता आलं पाहिजे, आणि आकारानं छोटी पाहिजे कारण ओढ्याजवळ दोन बाभळींच्या मधून जायचंय आणि भट्टीच्या बोळात वळवायचीय. एवढं सगळं एका गाडीत. बायको म्हणाली, अहो ट्रॅक्टर आहे ना, मग साधी बोलेरो घ्या की. पण बोलेरो आमच्या चुलत्याकडं आहे आणि पावसाळ्यात ती चार महिने डांबरीच्या कडेला लिंबाखाली उभी असते, चुलते तिथपर्यंत चालत जातात. दोन चाकांवर चालणारी कितीही दणकट असली तरी मागचं एक चाक काळ्या मातीत फिरायला लागलं की संपलं.

पहिली चूक झाली असती ती इथंच सांगतो म्हणजे दुसऱ्याचे पैसे वाचतील. सुरुवातीला एका सेकंडहँड गाडीवाल्याकडं गेलो, त्यानं महिंद्राची थार दाखवली, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी आहे म्हणला, किंमतही जमत होती. मी बयाणा द्यायच्या तयारीत होतो. बरोबर दाजी होते. आमचे दाजी फौजेत ड्रायव्हर होते, लेह-कारगिलला जिप्सी आणि ट्रक चालवलेला माणूस, रिटायर होऊन आता गावात असतात. त्यांनी दार उघडून आत नुसती नजर टाकली आणि मला बाजूला घेतलं, म्हणले, "लेकरा, दुसरी दांडी कुठंय?" गिअरच्या बाजूला दुसरी दांडी असते ना, टू-हाय (दोन चाकं), फोर-हाय (चारही चाकं), फोर-लो (चारही चाकं, पण हळू आणि जास्त जोरानं) करायची, ती नव्हतीच. जानेवारी २०२३ पासून थार मागच्या दोन चाकांवर चालणारी पण निघालीय, तिचं डिझेल इंजिन दीड लिटरचं आहे, बाहेरून पटकन फरक कळत नाही. गाडी वाईट नाही, पण आमच्या कामाची नाही, आणि त्या माणसाला ते माहीत असूनही त्यानं सरळ तोंडावर खोटं सांगितलं याचा मला अजून राग आहे. तेव्हापासून कुठलीही गाडी बघायला गेलो की दाजी आधी दांडी बघायचे आणि मग पोतं अंथरून खाली झोपायचे, पुढच्या चाकांकडं प्रॉपेलर शाफ्ट गेलाय का ते बघायला.

मग नीट अभ्यासाला बसलो. कागदावर काय काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण बरीचशी नावं लगेच गळाली. जुनी जिप्सी दाजींच्या काळजाचा तुकडा, १९८५ ला आलेली आणि २०१९ च्या आसपास बंद झालेली, टनाच्या आसपास वजन, चिखलात माशासारखी जाते, पण पाटे स्प्रिंगची, पाठीचा खुळखुळा होतो आणि आबांना तिच्यात बार्शीपर्यंत न्यायचं म्हणजे वाटेतच दुसरं दुखणं. फोर्सची गुरखा दणकट, पुढच्या मागच्या दोन्ही डिफरन्शियलला (वळताना चाकांना कमीजास्त वेगानं फिरू देणारा डबा) लॉक, पण आमच्या भागात तिचं काम करणारा मेकॅनिक जवळ नाही. बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर पिकअप हा खरंतर लै शहाणपणाचा पर्याय होता, कॅन मागच्या हौद्यात टाकले की ट्रेलरच नको, हे मी आजही म्हणतो, ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे त्यानं तीच घ्यावी. आमच्याकडं एकच येणार होती आणि मालवाहू पासिंगची गाडी घरच्या कामाला नको असं घरात सगळ्यांचं मत पडलं.

मग छोट्या एसयूव्हीतल्या ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे ग्रँड विटारा ऑलग्रिप किंवा सेकंडहँडमधली डस्टर. यांच्याबद्दल लोकांचा घोळ होतो. ग्रँड विटाराच्या बटणावर स्नो असा मोड आहे, सेल्समन तो बर्फ डोळ्यासमोर उभा करून सांगतो. बर्फात, ओल्या रस्त्यावर, घसरड्या घाटात त्या चांगल्याच आहेत, त्यात वाद नाही, पण त्यांच्यात लो रेंज नाही. म्हणजे इंजिनची ताकद दुप्पट करून कासवाच्या चालीनं चढवायची सोय नाही. डस्टरचा पहिला गिअर मुद्दाम बारका केलेला होता, ती थोडीफार कसर भरून काढते. पण मागं सातशे किलो लावून ओढ्याच्या चढाला चिखलात अर्धा क्लच दाबून गाडी काढायची आणि हे रोज करायचं, तर क्लचप्लेटचा वास गाडीतच येणार. म्हणून लो रेंज पाहिजेच असं ठरलं, आणि शेवटी कागदावर दोन नावं राहिली, मारुतीची जिमनी आणि थार डिझेल फोर बाय फोर.

आता वजनाचं सांगतो, कारण सगळा निर्णय वजनावर झाला आणि हा भाग कुणीच धड सांगत नाही. दुधाचं वजन पाण्यापेक्षा थोडं जास्त, लिटरला १.०३ किलो. चाळीस लिटरचा भरलेला कॅन आमच्या धान्याच्या काट्यावर ४९ किलो भरला, त्यात आठ किलो नुसता कॅन. दहा कॅन म्हणजे ४९० किलो. ट्रेलर एक ॲक्सलचा, वर्कशॉपवाल्या नानांनी बनवलेला, रिकामा २१० किलो. बेरीज ७००. आपल्याकडं ब्रोशरमध्ये सनरूफपासून स्क्रीनच्या इंचापर्यंत सगळं लिहिलेलं असतं, गाडी किती वजन ओढेल ते लिहायची पद्धत नाही. बाहेरच्या देशांत असते. ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात तीन दाराच्या जिमनीला आकडे दिलेत, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर १३०० किलो आणि ब्रेक नसतील तर ३५० किलो. हे वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. गाडी तीच, इंजिन तेच, मग साडेनऊशे किलोचा फरक कशानं पडतो? ओढण्यानं नाही, थांबवण्यानं. आमच्या ट्रेलरला ब्रेक नव्हते. ट्रॅक्टरमागं कधी लागलेच नाहीत, ट्रॅक्टर स्वतःच दोन टनाचा आणि पंधराच्या स्पीडनं चालतो. आणि मी ७०० किलो बिनब्रेकचं घेऊन गाडी बघत हिंडत होतो.

दाजी म्हणले, कागद पुरे, गाडी रस्त्यावर आण.

लातूरला माझा वर्गमित्र आहे, त्याच्याकडं २०२३ ची जिमनी, मॅन्युअल, मागं ट्रेलर जोडायचा बॉल बसवलेला. जानेवारीत एका रविवारी तो घेऊन आला. थंडीत चिखल नसतो असं ज्याला वाटतं त्यानं रब्बीचं पाणी चालू असताना आमच्या पाणंदीला यावं. हरभऱ्याचे तुषार रात्रभर फिरतात, पाइपाचे जॉइंट गळतात, ऊसवाले आडवी चारी फोडतात, आणि वरून उसाचे ट्रॅक्टर ते सगळं मळून ठेवतात. पावसाळ्यात निदान सगळा रस्ता एकसारखा खराब असतो, हिवाळ्यात शंभर फूट कोरडा आणि मधेच वीस फूट लोणी, ते पण पहाटेच्या अंधारात.

जिमनीबद्दल खरं सांगतो, ती गाडी चिखलात चालताना बघून माझं मन तिच्यावर बसलं. १२०० किलोच्या आसपास वजन, २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, खाली चेसिस, पुढंमागं दोन्हीकडं अखंड ॲक्सल. एक चाक अधांतरी फिरायला लागलं की ब्रेक आपोआप त्याच चाकाला लागतो आणि जोर दुसरीकडच्या चाकाला जातो. रिकामी होती तेव्हा काळीतनं अशी गेली की मागं नुसत्या दोन रेघा. काळी माती म्हणजे मॉन्टमोरिलोनाइटची चिकण, पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या नक्षीत भरून बसते, मग टायर गुळगुळीत डबा होतो. असल्या मातीत जेवढं वजन कमी तेवढी गाडी कमी रुतते. दाजी म्हणायचे, बर्फ आणि काळी माती सख्ख्या बहिणी, दोघींवर जोर करायचा नाही, हळू चालायचं, स्टेअरिंगला झटका द्यायचा नाही आणि दुसऱ्या गिअरला उचलायची. फरक एवढाच की बर्फात टायरला चेन बांधता येते.

मग ट्रेलर जोडला, दहा कॅन पाण्यानं भरून. दुधावर प्रयोग करायची हिंमत नव्हती.

ओढ्याकडं उतरताना दाजी चालवत होते, मी बाजूला. फोर-लो, दुसरा गिअर, स्पीड काहीच नाही. उताराच्या मधोमध, जिथं तुषारचं पाणी आलं होतं, तिथं दाजींनी ब्रेकवर नुसता पाय ठेवला आणि मागून ट्रेलरनं ढकललं. आधी धक्का बसला, मग गाडीचा मागचा भाग डाव्या अंगाला सरकायला लागला, गाडी आणि ट्रेलर मिळून इंग्रजी व्ही व्हायला लागला. दाजींनी ब्रेक सोडून हळूच एक्सलेटर दिला, गाडी ओढली गेली आणि सरळ झाली. सगळं मिळून तीन सेकंद. मित्राचा चेहरा पांढरा पडला होता, माझाही. खाली ओढ्यात थांबल्यावर दाजींनी शांतपणे सांगितलं ते मी तेव्हा वहीत लिहून घेतलं. चार चाकं ओढणारी गाडी जास्त ओढते, जास्त थांबत नाही. ब्रेक तर प्रत्येकच गाडीला चारी चाकांना असतात. लेहला नवीन ड्रायव्हर फोर बाय फोर मिळाली की बर्फावर जोरात जायचा, निघायला मजा यायची आणि पहिल्याच वळणाला दरीच्या कडेला उभा.

पलीकडचा चढ जिमनीनं फोर-लोत चढला, पण इंजिन ओरडत होतं. पेट्रोल, १३४ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनचा ओढायचा जोर, तोही चार हजार आरपीएमला. रोज पहाटे हे करायचं म्हणजे गाडीचाही जीव जाणार आणि पेट्रोलनं माझाही.

इथं मी अडकलो ते बरेच दिवस. चिखल म्हणतो हलकी घे. ट्रेलर म्हणतो जड घे, म्हणजे मागच्या वजनानं पुढचीला ढकलू नये. दोघांचं एकाच वेळी ऐकता येत नाही. रात्री झोपेत पण तोच उतार दिसायचा.

थारची चाचणी दोन आठवड्यांनी झाली. बार्शीला दाजींच्या ओळखीत एकजण २०२१ ची डिझेल हार्डटॉप विकत होते, फौजी माणूस म्हणून त्यांनी दाजींना दिवसभर गाडी दिली. २.२ लिटरचं इंजिन, ३०० न्यूटन मीटर आणि तेही १६०० आरपीएमपासून. क्लिअरन्स २२६ मिलिमीटर. मागच्या ॲक्सलला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल, म्हणजे एक चाक फिरायला लागलं की खटकन दोन्ही चाकं एकत्र होतात, आपण काही दाबायचं नसतं. तीच पाणंद, तेच पाण्याचे दहा कॅन, आणि मुद्दाम तसाच बिनब्रेकचा ट्रेलर. तुषार पण आदल्या रात्री मीच सोडायला सांगितले होते.

काळीत थार जिमनीपेक्षा जास्त रुतली. हे मान्य केलं पाहिजे. दोन ठिकाणी थांबली, लॉक लागला, मग निघाली. पण उताराला त्याच जागी दाजींनी तसाच ब्रेकवर पाय ठेवला, मागून धक्का आला आणि गाडी जिथल्या तिथं. सरळ रेषेत. जिमनीपेक्षा पाचेकशे किलोनं जड आहे ती, तो फरक पाठीला कळला. चढाला पहिल्या गिअरची पण गरज पडली नाही.

म्हणून थार. रुतलं तर फावडं आहे, ट्रॅक्टर आहे, अर्ध्या तासानं निघता येतं. पण ७०० किलो मागून येऊन गाडी आडवी केली तर त्याच्यावर उपाय नाही, आणि गाडीत आबा बसलेले असणार.

बायकोची तक्रार होती आणि बरोबर होती, तीन दारांची आहे, मागच्या सीटवर जायला पुढचं सीट पाडून चढावं लागतं, साडीत तर फारच अवघड. पाच दारांची थार रॉक्स ऑगस्ट २०२४ ला आली, पण ती सव्वाचार मीटरच्याही वर लांब आहे, भट्टीच्या बोळात ट्रेलरसकट वळणार नाही, आणि आमच्या बजेटच्याही बाहेर. मग असं ठरलं की आबा कायम पुढं बसणार, चढायला बाजूला पायरी बसवली, आणि लग्नाकार्याला सगळे निघाले तर चुलत्याची बोलेरो आहेच.

घ्यायच्या आधी दाजींनी ती गाडी अशी तपासली की मालक कंटाळले. चारही टायर एकसारखे झिजलेत का, कारण वेगळे असतील तर फोर-हायमधे गिअरबॉक्सवर ताण येतो. ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढंमागं वाटणारा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियलखाली तेलाचा ओघळ आहे का. फोर-लो खरंच पडतो का, बऱ्याच जणांनी गाडी घेतल्यापासून एकदाही टाकलेला नसतो. रेडिएटरच्या जाळीत वाळलेला चिखल किती. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला मातीची रेघ आहे का ते पण बघितलं, असली तर गाडी पाण्यात बसलेली असते. काही निघालं नाही.

मग ट्रेलर. गाडीपेक्षा ट्रेलरवर जास्त डोकं खर्च झालं. नाना म्हणले, ट्रॅक्टरसारखी पिन टाकून देतो, दहा मिनिटांचं काम. मी नको म्हणलं, पिनेला ढिल असते, प्रत्येक गिअरला आणि प्रत्येक ब्रेकला हिसका बसतो, ट्रॅक्टरला चालतं, गाडीला नाही. ५० मिलिमीटरचा बॉल घेतला आणि त्याची कैची चेसिसला बोल्टनं आवळली, वेल्डिंग करू दिलं नाही. पुढच्या जोडाला ओव्हररन ब्रेक केला. त्याचं साधं आहे, गाडीनं ब्रेक मारला की ट्रेलर पुढं सरकायला बघतो, त्या ढकलण्यानं जोडातला दांडा आत जातो आणि तोच ट्रेलरच्या ड्रमचे ब्रेक लावतो. जेवढं जास्त ढकलेल तेवढा जास्त ब्रेक. एकच अडचण, रिव्हर्स घेताना पण दांडा आत जातो आणि ट्रेलर जागीच आवळून बसतो, म्हणून नानांनी एक खिट्टी दिलीय, मागं घ्यायच्या आधी उतरून ती घालायची आणि नंतर आठवणीनं काढायची. खाली दोन साखळ्या, एकमेकींवर आडव्या, म्हणजे बॉल निसटला तरी दांडी साखळ्यांच्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही.

कॅन मांडायची पद्धत बदलली. पूर्वी दोन्ही टोकांना सारखे ठेवायचो. आता सहा कॅन ॲक्सलच्या पुढं आणि चार मागं, म्हणजे जोडावर एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भार येतो, ७०० ला साधारण ७०. हे पण धान्याच्या काट्यावर दांडी टेकवून मोजलं. मागं वजन जास्त झालं की पन्नासच्या स्पीडला ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. अर्धा भरलेला कॅन न्यायचा नाही, दूध आत हिंदकळतं आणि ट्रेलर त्याच्याबरोबर डुलतो, उरलेलं दूध छोट्या किटलीत घालून गाडीत ठेवायचं.

ट्रेलरची आरटीओला वेगळी नोंदणी लागते, मोटार वाहन कायद्यात तसं आहे, आणि ट्रेलरच्या मागं ओढणाऱ्या गाडीचा नंबरही दिसला पाहिजे. आपल्याकडं लोक हे करत नाहीत. आम्ही केलं, हेलपाटे झाले पण केलं, कारण उद्या रस्त्यात काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारणार.

आता या हिवाळ्याचं. पहाटे साडेचारला चावी फिरवली की लगेच सेल्फ मारायचा नाही, ग्लो प्लगचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, दोन-चार सेकंद लागतात. दाजी तिथं उभे असले की लेहची गोष्ट निघतेच, तिकडं डिझेल टाकीत गोठायचं, रॉकेल मिसळायचे, टाकीखाली जाळ करायचे. आता २०१९ पासून इंडियन ऑइलचं खास हिवाळी डिझेल तिकडं मिळतं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. आपल्याकडं तो प्रश्न नाही, आपल्याकडं प्रश्न धुकं आणि ऊस. डिसेंबरात ओढ्याजवळ धुकं असं उतरतं की बॉनेट दिसत नाही. आत काच धुरकट झाली की एसी चालू करून हवा काचेवर सोडायची, लोक थंडीत एसी लावायला भितात पण तोच दमटपणा ओढून घेतो. हेडलाइट खाली ठेवायची, वर केली की समोर पांढरी भिंत. आणि डांबरीवर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या जोडट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस बाहेर आलेला. एकदा तीसच्या स्पीडला होतो म्हणून वाचलो, समोर एकदम उसाचे शेंडेच दिसले. त्या दिवशी ट्रेलरचा ब्रेक लागताना मागून जो खडखड आवाज आला तो मी विसरणार नाही, नाहीतर सातशे किलोनं आम्हाला त्या उसात घातलं असतं. घरी आल्या आल्या ट्रेलरच्या मागं पूर्ण रुंदीला लाल-पांढरी रिफ्लेक्टरची पट्टी लावली आणि चुलत्याच्या उसाच्या ट्रॉलीला पण माझ्याच पैशानं लावली. बैलगाड्यांना पण लावायला पाहिजे, दहा-पंधरा गाड्यांना लावून झाली.

एक गोष्ट सुरुवातीच्या आठवड्यात माझ्याकडून चुकली ती सांगतो. पाणंद संपली की दांडी टू-हायला आणायची असते, मी विसरलो आणि तसाच फोर-हायमधे डांबरीवरून भट्टीपर्यंत गेलो. बोळात वळवताना स्टेअरिंग जड झालं, टायर कुईं करून ओरडले, गाडी अडखळत वळली. कोरड्या रस्त्यावर या गाड्या फोर बाय फोरमधे चालवायच्या नसतात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात आणि मधे तो फरक सोडवणारं डिफरन्शियल नसतं, मग सगळा पीळ गिअरबॉक्सात आणि शाफ्टात बसतो. चिखलात चाक थोडं घसरून तो पीळ सुटतो, डांबरीवर सुटत नाही. दाजी त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. आता डांबरी लागली की दांडी मागं, हे हाताला बसलंय.

पावसाळा आमचा अजून जायचाय. रोडचे टायर काढून जाड नक्षीचे मड टायर टाकणार आहे, आणि काळीत शिरायच्या आधी टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवून डांबरीवर परत भरायला बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर घेतलाय. एवढं करून पण जुलैत एखाद्या दिवशी ट्रॅक्टर काढावा लागेल असं मला वाटतं, त्याची तयारी ठेवलीय. मातोश्री पाणंद योजनेत रस्ता घालावा म्हणून आम्ही सात खातेदारांनी सह्या केल्यात.

साडेचारला निघतो, साडेपाचच्या आत भट्टीवर. आबा महिन्यातून एकदा तपासणीला बार्शीला जातात, पुढं बसून, पायरीवर पाय ठेवून स्वतःच्या स्वतः चढतात. रविवारी गोठा झाडून झाला की ट्रेलरचे दोन्ही ड्रम उघडून आतली वाळलेली काळी खरवडून काढतो, पाण्यानं धुतो, दांड्याला ग्रीस लावतो. आबा शेजारी खुर्ची टाकून उन्हाला बसतात आणि डाव्या अंगाचं नट जरा अजून आवळ म्हणतात.